बिननंबरचे पार्ट आणि एलसीआर-टी४ टेस्टर: दिवाळी ते पावसाळा वापरून

जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही उघडला की कुठे हीटसिंकच्या गरमीने कंडेन्सरचं आवरण आक्रसून छपाई गेलेली, कुठे रजिस्टन्सचे पट्टे जळून सगळे काळेच, आणि लोकल असेंबल सेट असेल तर ट्रान्झिस्टरवरचा नंबर मुद्दाम घासून काढलेला. अन् एमजी रोडला दुकानात गेलं की पहिला प्रश्न, "नंबर काय भाऊ?" नंबर असता तर रडायचं कशाला! म्हणून दिवाळीत हा सुटा पार्ट ओळखून मोजणारा एलसीआर-टी४ टेस्टर मागवला, हजाराच्या बराच आत बसला, आधी घरचा २१ इंची आणि मग सिडकोतल्या ओळखीच्यांचे सेट असं करत करत पावसाळ्यापर्यंत चांगला घासून वापरलाय.

मूळ डिझाईन जर्मनीतल्या मार्कुस फ्रेयेकचं, पुढे कार्ल-हाइन्झ क्युबेलरने वाढवलेलं, ओपन सोर्स आहे, त्यामुळे बाजारात त्याच्या ढीगभर कॉप्या आहेत. पार्ट लिव्हरवाल्या सॉकेटात टाका, बटण दाबा, ट्रान्झिस्टर असेल तर एनपीएन का पीएनपी (त्याचे दोन प्रकार), कुठला पाय कशाचा, गेन (करंट किती पट वाढवतो) किती, सगळं स्क्रीनवर. हे पाय दाखवणं सगळ्यात कामाचं, कारण बीसी५४७ ला सपाट बाजूने बघितलं तर कलेक्टर-बेस-एमिटर आणि सी९४५ ला एमिटर-कलेक्टर-बेस, म्हणजे एकाच्या जागी दुसरा बसवायचा तर पाय वाकवूनच बसवावा लागतो. छोट्या सिग्नल ट्रान्झिस्टरपुरतं तरी नंबर नाही म्हणून काम अडत नाही.

कंडेन्सरला तर पैसे वसूल. स्क्रीनचा वरचा भाग दुमडल्यासारखा आणि वर पांढऱ्या रेघा, असा एक सेट आला होता. चित्र वर-खाली पसरवणाऱ्या चिपच्या, म्हणजे व्हर्टिकल आयसीच्या शेजारचा कंडेन्सर, वरचं काहीच वाचता येत नव्हतं. काढून लावला तर मायक्रोफॅरड अर्ध्याहून कमी आणि ईएसआर (कंडेन्सरचा आतला रजिस्टन्स, तो कमीच हवा) कितीतरी ओहम. पण मूळ किती होता हे टेस्टर कसा सांगणार, तो आज जे उरलंय तेच मोजतो. मग आयसीचा नंबर वाचला, डेटाशीटमधलं (कंपनीच्या माहितीपत्रकातलं) सर्किट काढलं, तिथे १०० मायक्रोफॅरड, सप्लाय साधारण २४ व्होल्ट, म्हणून ५० व्होल्टचा १०५ डिग्रीवाला टाकला, चित्र सरळ. जळक्या रजिस्टन्सचंही तेच, आलेल्या रीडिंगवर जाऊ नका, जळून व्हॅल्यू बहुतेक वाढलेलीच असते.

आता जिथे गंडतो ते. बीयू५०८डी किंवा डी१५५५ सारखा हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर (चित्राच्या आडव्या रेघा चालवणारा मोठा) लावला की हा डायोड आणि रजिस्टन्स असलं कायतरी दाखवतो. पार्ट खराब नसतो, आतच बेस-एमिटरला कमी ओहमचा रजिस्टन्स आणि डॅम्पर डायोड आहे, टेस्टरचा बेस करंट त्या रजिस्टन्समधूनच निघून जातो. खराब म्हणून फेकू नका, मल्टीमीटरने कलेक्टर-एमिटर शॉर्ट आहे का तेवढं बघा. आणि हा ट्रान्झिस्टर १५०० व्होल्टचा, टेस्टर बघतो ५ व्होल्टवर, त्यामुळे गरम झाल्यावर ब्रेकडाउन होणारा पार्ट इथे खुशाल पास होतो.

व्होल्टेज रेटिंग हा सांगतच नाही, आणि टीव्हीत खरा घोळ तिथेच आहे. फ्लायबॅक, म्हणजे पिक्चर ट्यूबचं हाय व्होल्टेज बनवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरजवळचा ट्यूनिंग कंडेन्सर १६०० व्होल्टचा वगैरे असतो, टेस्टर फक्त सात-आठ नॅनोफॅरड दाखवतो. तेवढ्याच व्हॅल्यूचा साधा टाकला तर उडेल, आणि व्हॅल्यूच कमी टाकली तर ईएचटी (तेच ट्यूबचं हाय व्होल्टेज) वाढते, २१ इंचीला आधीच २५ किलोव्होल्टच्या आसपास असते, ती वर गेली तर एक्स-रेचाही धोका. सर्किट डायग्राममध्ये त्रिकोणात उद्गारचिन्ह असलेले, म्हणजे सेफ्टीचे, पार्ट अंदाजाने बदलायचेच नाहीत, तसाच पार्ट मिळाला तर ठीक, नाहीतर सेट बाजूला ठेवायचा.

अजून एक, मेन कंडेन्सर (सप्लायचा मोठा) डिस्चार्ज केल्याशिवाय सॉकेटात घालायचा नाही. २३० व्होल्ट रेक्टिफाय झाले की त्यावर सव्वातीनशेच्या आसपास असतात, सेट डेड असेल तर प्लग काढल्यावरही तसेच बसून राहतात, टेस्टरची चिप जाईल ती जाईल, तुमचा हातही जाईल. जाड रजिस्टन्स लावून उतरवा, मग मीटरने बघा. बोर्डावर असताना मोजून उपयोग नाही, आजूबाजूचे पार्ट रीडिंगमध्ये घुसतात, एक पाय तरी सोडवायलाच लागतो.

काचेच्या झेनरलाही (ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणारा डायोड) टी४ कामाचा नाही, ५ व्होल्टच्या वरचा असला की साधा डायोड दाखवून मोकळा. याच जातीचं टीसी१ मॉडेल ३० व्होल्टपर्यंत झेनर मोजतं, नवीन घेत असाल तर थोडे जास्त घालून तेच घ्या. टी४ आधीच असेल तर बदलायची गरज नाही, ३० व्होल्टची सप्लाय, सिरीजला १० के (दहा हजार ओहम) रजिस्टन्स, झेनर उलटा लावून त्याच्यावर मीटर धरला की व्होल्टेज समोर येतं.