उपजत अक्कल की ऐकीव?
जरथुष्ट्री (पारशी) धर्माचे पहलवी, म्हणजे जुन्या फारसीतले, ग्रंथ अकलेचे दोन प्रकार मानतात: जन्मजात आणि कानांनी ऐकून कमावलेली. पहिली नसेल तर दुसरी शिकवता येत नाही. दुसरी नसेल तर पहिली वापरता येत नाही. फिर्दौसी या कवीच्या ‘शाहनामा’ या इराणी राजांच्या महाकाव्यात (१०१०) दोन्ही दिसतात.

उपजत अक्कल म्हणजे इराणच्या राजाचा वजीर बुजुर्गमेहर. हिंदुस्थानातून बुद्धिबळाचा पट येतो, नियम सांगायला कुणी नाही. पठ्ठ्या एका दिवसरात्रीत सोंगट्यांची चाल ओळखतो, वर ‘नर्द’ हा फाशांचा नवा खेळ रचून उलट पाठवतो!

राजा कावूस मात्र ऐकतो ते दैत्याचं. सिंहासनाला चार गरुड बांधतो, भाल्यांवर मांस टांगतो, उडतो आणि आपटतो. तिथे दरबारी सल्लागारांची ऐकीव अक्कलच कामी आली असती. मला भावतो बुजुर्गमेहर; हसवतो कावूसच.