दोघांसाठी केवढी गाडी?

सिडनीहून मजी नावाचं गाव, कूनाबाराब्रन, टॅमवर्थ, आर्मिडेल, मग डोंगर उतरून कॉफ्स हार्बर आणि समुद्राच्या कडेकडेनं परत सिडनी. दीडेक हजार किलोमीटरचा हा फेरा आम्ही दोघांनी दोनदा केला. पहिल्यांदा चार जणांचं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच होतं, आत संडास-बाथरूमसकट. दुसऱ्यांदा दोघांपुरती कॅम्परव्हॅन, म्हणजे टोयोटाची उंच टपाची हायएस. ज्यांची मुलं ऑस्ट्रेलियात आहेत अशी आमच्या वयाची जोडपी हल्ली विचारतात, यातलं काय घ्यावं? भाडं, डिझेल, मायलेज सगळं वेबसाइटवर असतंच. मी फक्त जे अनुभवलं ते सांगतो.

आधी रात्रींबद्दल, कारण तिथं मोठी गाडी सरळ जिंकते. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग कायमचा घातलेला, त्यामुळे मी पाचला उठून खाली टेबलाशी चहा घेत बसलो तरी हिची झोप मोडत नसे. हायएसमध्ये टेबल काढून त्याचाच पलंग होतो. ही उठेपर्यंत मला बसायला जागा नाही, आणि रोज रात्री फळ्या-गाद्या जुळवायच्या ते वेगळंच. शिवाय रात्रीचा संडास. जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, कूनाबाराब्रनला पारा शून्याखाली जातो. अशा थंडीत कॅरॅव्हॅन पार्कच्या, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या जागेच्या, सामायिक संडासापर्यंत टॉर्च घेऊन चालत जायचं. तिथलं आकाश जगप्रसिद्ध आहे, शेजारच्या डोंगरावर सायडिंग स्प्रिंगची वेधशाळा आहे, हे मी हिला सांगून पाहिलं. उत्तर मिळालं, "तारे मी उद्या बघेन, आधी मोजे द्या."

गाडीतल्या संडासाची कॅसेट, म्हणजे खालची मैल्याची टाकी, ओतावी लागते, हे खरं. पण ती ओतायचे 'डंप पॉइंट' गावोगाव असतात आणि दुसऱ्या दिवशी त्याचं काही वाटेनासं होतं. आणखी एक, फुकट मुक्कामाच्या बऱ्याच जागा फक्त स्वतःचा संडास आणि सांडपाण्याची टाकी असलेल्या गाड्यांनाच मिळतात. छोट्या गाडीला पार्क किंवा शोग्राउंड धरावं लागतं. शोग्राउंड म्हणजे गावचं वार्षिक कृषिप्रदर्शन भरतं ते मैदान, आपल्या जत्रेच्या माळासारखं. वर्षाचे बाकी दिवस कित्येक गावं तिथं थोडक्या पैशांत उतरू देतात, संडास आणि गरम पाण्याची अंघोळ धरून. आम्हाला पार्कपेक्षा तीच जागा आवडली.

स्वयंपाकाचं उलटं. मोटरहोमचं स्वयंपाकघर प्रशस्त, पण बंद खोलीतलं. एकदा लसणाची फोडणी दिली आणि वरच्या पलंगाचे पडदे चार दिवस तोच वास देत राहिले. हायएसची शेगडी मागच्या दाराशी, दार वर उचलून बाहेर उभं राहून करायचं. तिकडच्या बागांमध्ये बटण दाबलं की तापणारे सार्वजनिक बार्बेक्यू असतात, बहुतेक ठिकाणी फुकट. त्यावर आदल्या माणसाचं मांस भाजलेलं असतं, म्हणून ही ॲल्युमिनियमचा कागद अंथरून थालीपिठं लावायची. नंबक्का हेड्सला शेजारच्या आजोबांनी एक मागून नेलं आणि परत येऊन दुसरं नेलं.

भांड्याला भांडं लागणारच म्हणतात, पण मोटरहोममध्ये ते दिवसभर लागतं. कपाटात टॉवेल कोंबले, ताटांमध्ये वर्तमानपत्र घातलं, तरी खडबडीत रस्त्यावर मागून लग्नाच्या पंगतीसारखा आवाज. तेही चाललं असतं.

जे चाललं नाही, ते थांबणं.

या रस्त्यावरची गावं जाता जाता थांबण्यासाठीच आहेत. एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना व्हरांड्याची दुकानं, एक बेकरी, एक पब, एक जुनी बँक. आणि न्यू साउथ वेल्सच्या कित्येक गावांत पाटी असते: गाडी तिरपी लावा, मागची बाजू फुटपाथकडे. म्हणजे चालत्या रहदारीत थांबून सात मीटरचं घर उलटं न्यायचं. गाडीचं बूड मागच्या चाकांच्या बरंच मागं, फुटपाथवर येतं. दुकानांचे व्हरांडे बेताच्या उंचीचे, गाडी तीन मीटरच्या वर. एका गावात ही मागे उभी राहून हात करत होती, तिचं लक्ष खाली फुटपाथच्या कडेकडे. समोरच्या दुकानातून एक बाई ओरडत धावत आल्या. वळचणीच्या पत्र्यात आणि आमच्या टपात वीतभर अंतर उरलं होतं.

त्यानंतर आम्ही गाडी गावाबाहेर लावून चालत यायला लागलो. मग तेही कमी झालं. कारण प्रत्येक थांब्याआधी एक प्रश्न यायला लागला, "तिथं उभी राहील का?" आणि उत्तर बहुतेक वेळा "जाऊ दे" हेच. "अहो, ते बघा" असं ही म्हणेपर्यंत ते मागं पडलेलं असायचं, आणि वळून येणं म्हणजे पुन्हा तीच कसरत. गल्गाँग हे सोन्याच्या खाणींच्या काळातलं गाव. १९६६ सालच्या दहा डॉलरच्या नोटेवर कवी हेन्री लॉसनबरोबर याच गावाचं चित्र होतं. तिथले रस्ते अरुंद आणि वाकडे. पहिल्या फेरीत आम्ही ते काचेतूनच पाहिलं. कॉफ्स हार्बरच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर वुलगूल्गा आहे. केळीच्या बागांत राबायला आलेल्या पंजाब्यांनी तिथं १९६८ साली गुरुद्वारा उभारला. तिकडे गेलोच नाही. तिथं जागा भरपूर असते हे मागाहून कळलं, पण तोवर आम्ही विचारणंसुद्धा सोडलं होतं.

हायएस घेऊन गेलो तेव्हा तोच फेरा दोन दिवस लांबला. ईबरच्या धबधब्यापाशी पंधरा मिनिटं थांबायचं ठरलं होतं, दीड तास गेला. डॉरिगोहून बेलिंजनकडे उतरणारा घाट वरंध्यासारखा, झाडी अगदी अंगावर येते. मोठ्या गाडीत मी तिथं आरशातच बघत होतो, या वेळी बाहेर बघितलं. वुलगूल्गाला लंगरात जेवलो. वाढणारे सरदारजी मराठी ऐकून म्हणाले, "नांदेड?" पुण्याचे म्हटल्यावर जरा हिरमुसले, पण डाळ पुन्हा वाढली.

तुमचं वेगळं असू शकतं. गुडघे दुखत असतील, रात्री दोन-तीनदा उठावं लागत असेल, किंवा जून ते ऑगस्टमध्ये आतल्या भागातूनच जायचं असेल, तर मी मोठ्या गाडीला नाही म्हणणार नाही. एकाच किनाऱ्यावर आठवडाभर तळ ठोकणाऱ्यांनाही तीच बरी. नातवंडं बरोबर असतील तर प्रश्नच नाही. आणि गाडी कोणतीही घ्या, दिवस कलायच्या आत मुक्कामाला पोचा. कांगारू त्याच वेळी रस्त्यावर येतात, आणि काही कंपन्यांच्या भाड्याच्या करारातही गावाबाहेर रात्री चालवायला मनाई असते.

पण रोज गाव बदलायचं असेल आणि गाडीत दोघंच असाल, तर निदान तीन रात्री तरी छोटी घेऊन बघा.

आम्ही पुढच्या मार्चला परत निघतो आहोत. हायएसच सांगितली आहे. फक्त कूनाबाराब्रनच्या रात्री मोटेलची खोली, ही हिची अट. मी आगाऊ पैसे भरून टाकलेत.