बँकेचं 'वेल्थ' खातं: कोणी घ्यावं, कोणी सोडावं

इम्पीरिया, बर्गंडी, प्रिव्ही लीग: बड्या ग्राहकांसाठीच्या बँकांच्या खास खात्यांची ही नावं. नावं निराळी, माल साधारण एकच: स्वतंत्र आरएम (रिलेशनशिप मॅनेजर, म्हणजे आपलं खातं सांभाळणारा बँकेचा माणूस), फुकट किंवा सवलतीच्या भाड्यात लॉकर, विमानतळावरचं लाउंज, शाखेत रांग न लावण्याची मुभा. पात्रता ठरते ती खात्यातल्या सरासरी शिलकेवर, एफडी आणि फंड धरून बँकेकडे असलेल्या एकूण रकमेवर, नाहीतर दरमहा जमा होणाऱ्या पगारावर. मर्यादा बँकेगणिक बदलतात आणि वरचेवर बदलतात, त्यामुळे आकडा चालू दरपत्रकातूनच घ्यावा. हे परीक्षण कुठल्या एका बँकेचं नाही, या प्रकारच्या सेवेचं आहे.

पगारावर मिळणाऱ्या या बिरुदाचा श्रीमंतीशी संबंध किती, ते आधी पाहू. पुण्यातलं एक नमुन्याचं घर धरा. नवरा-बायकोचा ढोबळ पगार प्रत्येकी 20 लाख, म्हणजे घरात वर्षाला 40 लाख. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत 75,000 ची प्रमाणित वजावट धरून प्रत्येकाला सेससह 1,92,400 रुपये कर लागतो. बेसिक पगार निम्मा असेल तर 12 टक्क्यांनी प्रत्येकी 1,20,000 पीएफ, वर 2,500 व्यवसाय कर. हातात महिन्याला येतात सुमारे 2,80,850.

आता वजाबाकी. 1 कोटीचं गृहकर्ज, 8.5 टक्के, 20 वर्षं: हप्ता 86,782, आणि पहिल्या हप्त्यातले 70,833 नुसतं व्याज. 12 लाखांचं गाडीचं कर्ज, 9 टक्के, 5 वर्षं: 24,910. दोन मुलांची शाळा आणि बस 35,000, सोसायटीचा मेंटेनन्स 9,000, टर्म आणि मेडिक्लेमचा महिन्याचा वाटा 9,000, स्वयंपाकाच्या आणि धुण्याभांड्याच्या बाई 14,000, गावाकडे आई-वडिलांना 20,000. किराणा, पेट्रोल, वीज, मोबाईल आणि अधूनमधून बाहेरचं जेवण मिळून 45,000. उरतात 37,000 च्या आसपास, आणि त्यातूनच दिवाळी, लग्नाचे आहेर, सुट्टीतली सहल आणि गाडीचा विमा. एवढा पगार असूनही आपण श्रीमंत आहोत असं का वाटत नाही, याचं कारण मानसशास्त्रात शोधण्याआधी या हिशेबात शोधावं. शिवाय तुलना होते ती सोसायटीतल्यांशी, आणि त्यांचा पगारही तेवढाच असतो.

बँक मात्र जमा होणारे 2,80,850 बघते. उरणारे 37,000 बघत नाही.

फायद्यांपैकी खरे किती? परदेश प्रवास करणाऱ्यांसाठी कार्डावरचा कमी मार्कअप, म्हणजे परकी चलनातल्या खर्चावर बँक लावते ते जादा शुल्क, खरा. साध्या क्रेडिट कार्डावर तो साधारण 3.5 टक्के असतो, वरच्या कार्डांवर 2 टक्के किंवा कमी, आणि मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. 4 लाखांच्या खर्चावर 1.5 टक्क्याचा फरक म्हणजे 6,000, जीएसटीसह 7,080. लॉकरची प्रतीक्षायादी असलेल्या शाखेत लवकर लॉकर मिळाला तर तोही खरा फायदा. पण बँकेच्या हलगर्जीमुळे आग लागली, चोरी झाली किंवा कर्मचाऱ्यानेच अफरातफर केली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पटींपर्यंतच. खात्याचं नाव भारी झाल्याने ती वाढत नाही. लाउंजमधल्या इडली-उपम्याबद्दल काय लिहायचं!

या फायद्यांची किंमत बँक आपल्याकडून तीन वाटांनी वसूल करते.

पहिली, पडून राहणारे पैसे. पात्रतेसाठी 10 लाख बचत खात्यात ठेवले आणि व्याज 2.5 टक्के असलं, तर वर्षाला 25,000 मिळतात. तेच 10 लाख ओव्हरड्राफ्ट पद्धतीच्या गृहकर्जात (यात जादा ठेवलेल्या रकमेएवढ्या कर्जावर व्याज लागत नाही) ठेवले, तर 8.5 टक्क्यांनी 85,000 व्याज वाचतं आणि पैसे हवे तेव्हा काढताही येतात. अशा कर्जाचा दर साध्या गृहकर्जापेक्षा थोडा जास्त असतो, तेवढी घट त्यातून धरावी. तरी वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास देऊन लाउंज 'फुकट' घेतल्यासारखं होतं.

दुसरी वाट सगळ्यात महागडी: आरएमने सुचवलेली 'गॅरंटीड' विमा पॉलिसी. मांडणी ठरलेली असते. दरवर्षी 2 लाख, 10 वर्षं भरा, पंधराव्या वर्षाअखेर 34 लाख घ्या, म्हणजे 70 टक्के नफा. हा हिशेब स्वतः स्प्रेडशीटमध्ये करा. एका रकान्यात पहिल्या दहा ओळींत उणे 2,00,000, पुढच्या पाच ओळींत शून्य, सोळाव्या ओळीत 34,00,000, आणि खाली आयआरआरचं, म्हणजे वर्षाचा खरा परतावा काढण्याचं, सूत्र. उत्तर येतं जेमतेम 5.1 टक्के. पीपीएफ 7.1 टक्के देतं, तेही करमुक्त, फक्त एका व्यक्तीला वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे. शून्यांच्या पाच ओळी विसरू नका. त्या गाळल्या की परतावा फुगलेला दिसतो. 1 एप्रिल 2023 पासूनच्या अशा पॉलिसींचा एकूण वार्षिक हप्ता 5 लाखांच्या वर गेला, तर मर्यादेपलीकडच्या पॉलिसींच्या परताव्यावर कर लागतो. म्हणजे एकाच नावावर 2 लाखांच्या तीन पॉलिसी घेणाऱ्याचं 'करमुक्त' तिसरीला संपतं. आणि नोकरीत खंड पडून हप्ता थांबला, तर सुरुवातीच्या वर्षांत सरेंडर केल्यावर (मुदतीआधी पॉलिसी मोडल्यावर) भरलेले पैसेही बहुधा पूर्ण परत येत नाहीत. वरच्या घरात 37,000 उरतात, आणि या एका पॉलिसीचा महिन्याचा बोजा 16,667.

तिसरी वाट दिसत नाही. आरएममार्फत घेतलेले फंड 'रेग्युलर' असतात, म्हणजे वितरकाचं कमिशन खर्चात मिसळलेलं. इक्विटी फंडात 'डायरेक्ट'शी, म्हणजे वितरकाशिवाय थेट घेतलेल्या त्याच फंडाशी, खर्चाचा फरक 0.8 टक्का धरला, तर 50 लाखांवर वर्षाला 40,000. कॅम्स किंवा केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांच्या साइटवरून एकत्रित स्टेटमेंट मागवा. योजनेच्या नावात 'रेग्युलर' आहे का आणि एआरएन (वितरकाचा नोंदणी) क्रमांक कुणाचा, ते तिथेच दिसतं. मात्र सगळं एका दिवसात डायरेक्टमध्ये फिरवू नका. फिरवणं म्हणजे विक्रीच. इक्विटीत वर्षाच्या आत 20 टक्के, त्यानंतर 1.25 लाखांपुढच्या नफ्यावर 12.5 टक्के कर, वर एक्झिट लोड (लवकर पैसे काढण्याचं शुल्क) असेल तर तोही. चालू एसआयपी थांबवून नवी डायरेक्टमध्ये सुरू करणं सोपं, जुनी युनिट्स सवडीने.

आरएम हा विक्रेता आहे, सल्लागार नाही. सेबीकडे नोंदलेल्या सल्लागाराचा क्रमांक आयएनए अक्षरांनी सुरू होतो, आणि ठरावीक फीची कमाल मर्यादा कुटुंबामागे वर्षाला 1,51,000 आहे. प्रत्यक्षात बरेच जण त्याहून खूपच कमी घेतात.

आणखी एक अडचण. पगाराच्या जोरावर मिळालेला दर्जा पगार थांबला की काही महिन्यांत उतरतो. लॉकरचं भाडं, कार्डाची वार्षिक फी, मिनिमम बॅलन्सचा दंड हे सगळं परत लागू होतं, नेमकं नोकरी गेलेली असताना. घरातल्या सगळ्यांची खाती एका गटात जोडली असतील तर त्यांचीही सवलत जाते. खातं घेताना दर्जा उतरल्यावर काय काय लागू होईल, ते ईमेलवर लेखी मागा.

आमचं मत: पगारामुळे आपोआप मिळत असेल तर घ्या, लॉकर आणि मार्कअप वापरा. पात्रतेसाठी वेगळी रक्कम अडकवावी लागत असेल तर नको. एफडी हलवायची असेल तर ठेवविम्याची मर्यादा लक्षात ठेवा: व्याजासह एका ठेवीदाराला एका बँकेत 5 लाख. आणि पॉलिसी आधीच गळ्यात पडली असेल, तर कागदपत्रं हातात आल्यापासून 30 दिवसांच्या आत ती रद्द करता येते. विमा कंपनीला थेट ईमेल करा, आरएमला निरोप देऊन थांबू नका. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता कापून बाकी पैसे परत मिळतात.