नवी पेठेतील नोकरी केंद्र : अर्ज कोणीही भरतो, पाठपुरावा कोण करतो?

सोलापुरातील नवी पेठेलगतच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर चालणाऱ्या एका खासगी नोकरी केंद्राची सेवा माझ्या पुतणीने घेतली. ती बी.कॉम. आहे, एमएस-सीआयटी आणि टॅली तिने पूर्ण केले आहे. अनुभव मात्र शून्य. केंद्राच्या फलकावर ‘शंभर टक्के नोकरी’ असे लिहिले आहे, त्याकडे दुर्लक्ष केलेले बरे.

नोंदणीचे 500 रुपये आधी घेतले जातात आणि नोकरी लागल्यास पहिल्या पगाराचा निम्मा भाग द्यावा लागतो. केवळ अर्ज भरून देण्यासाठी हे पैसे मोजण्याचे कारण नाही, कारण केंद्र शासनाच्या 2015 साली सुरू झालेल्या ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ या संकेतस्थळावर आणि राज्याच्या ‘महास्वयम’वर नोंदणी विनामूल्य होते. पुतणीने दोन्हीकडे नाव नोंदवलेच होते. अडचण पुढची असते : अर्ज गेला, पण तो कोणी उघडला का, जागा भरली का, हे कळत नाही आणि नवख्या उमेदवाराला फोन करून विचारण्याचा धीर होत नाही.

या केंद्राचे मोल इथे आहे. तेथील मॅडम एक जाड रजिस्टर ठेवतात. त्यात अर्जाची तारीख, फोन कोणी उचलला, काय उत्तर मिळाले आणि पुन्हा कधी विचारायचे, असे रकाने आखलेले आहेत. पुतणीच्या नावापुढे ‘मालक पुण्याला, सोमवारी 11 नंतर’ अशी नोंद मी स्वतः पाहिली. त्या सोमवारी आमच्यासमोरच फोन लागला : “साहेब, अकाउंट असिस्टंटसाठी मुलीचा बायोडाटा दिला होता. जागा अजून आहे ना? मग भेटायला कधी पाठवू?” फोनवरचे एवढेच बोलणे, पण त्यात अजिजी नव्हती आणि उत्तराला पळवाटही ठेवलेली नव्हती. सोलापुरातील गणवेश, टॉवेल आणि चादरीच्या लहान कारखान्यांत भरती बहुतेक ओळखीने व फोनवरच होते, त्यामुळे ही पद्धत तेथे लागू पडते. ‘गड्ड्यानंतर बघू’, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेनंतर, हे जानेवारीतले ठरलेले उत्तरही मॅडम नकार मानत नाहीत. यात्रा सरल्यानंतरची तारीख लगेच रजिस्टरात चढते.

मोठ्या कंपन्या आणि बँकांच्या बाबतीत मात्र केंद्राचा काही उपयोग नाही. तेथे अर्ज ऑनलाइन जातो, विचारपूस ई-मेलनेच करावी लागते आणि केंद्राकडून ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढाच व्हॉट्सअ‍ॅप संदेश येत राहतो. असा ई-मेल पुतणीनेच लिहिला असता तरी चालले असते : विषयात पदाचे नाव व अर्जाचा क्रमांक, मजकुरात अर्जाची तारीख आणि निवडीची पुढची पायरी कोणती हा एक प्रश्न.

माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. मुलाखत ठरेपर्यंत उमेदवाराला आस्थापनेचे नाव सांगितले जात नाही. उमेदवार परस्पर गेला तर केंद्राचे शुल्क बुडेल ही त्यांची भीती समजण्याजोगी आहे. परंतु त्यामुळे एकाच कारखान्यात केंद्रामार्फत आणि ओळखीच्या माणसामार्फत असे दोन अर्ज गेले, आणि मालकाने त्याबद्दल पुतणीलाच विचारले. पैसे घेतल्यावर निदान नाव आणि शेवटच्या फोनची तारीख उमेदवाराला मिळायलाच हवी.

पुतणीला अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका गणवेश कारखान्यात बिलिंगचे काम मिळाले, तेही तिसऱ्या फोननंतर. स्थानिक कारखान्यात किंवा दुकानात पहिली नोकरी हवी असेल, तर मी या केंद्राची शिफारस करेन. इतरांनी 500 रुपये वाचवावेत. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, ती मागून घ्यावी आणि निम्म्या पगाराची अट तिच्यावरच लिहून घ्यावी. फोन सकाळच्या वेळेतच होतात, म्हणून दुपारनंतर जाण्यात अर्थ नाही.