दक्षिणेच्या गॅलरीत गुलाब: दिवाळी ते श्रावणचा अनुभव

लोकेशन पुणे, तिसरा मजला, हॉलला लागून दक्षिणेकडे तोंड असलेली गॅलरी, वर स्लॅब. झाडं म्हणजे डबल डिलाइट या मोठ्या फुलांच्या गुलाबाची दोन कलमं, तसाच मोठ्या फुलांचा एक ग्लॅडिएटर आणि एक छोट्या फुलांचा बटण गुलाब. दिवाळीच्या आसपास आणली, आता श्रावण चालूय. निकाल आधीच सांगून टाकते, थंडीत या गॅलरीला पैकीच्या पैकी मार्क आणि मे-जूनमधे भोपळा. दिशा तीच, झाडं तीच, खतपाणी तेच, बदललं फक्त ऊन.

नर्सरीत विचारलं की "उन्हात ठेवा" एवढंच सांगतात. किती तास ते कोणी सांगत नाही. मोठ्या फुलांच्या कलमी गुलाबाला रोजचं थेट ऊन किमान पाच-सहा तास लागतंच. बटण गुलाब चार तासांतही फुलतो, म्हणजे माझ्याकडे तरी फुलला. आणि "आमच्या घरात उजेड भरपूर आहे" यावर जाऊ नका, आपले डोळे फार लवकर जुळवून घेतात. फोनवर लक्स मीटरचं ॲप टाकून बघा, भर दुपारच्या उन्हात आकडा लाखाच्या आसपास जातो आणि हॉलमधे सोफ्यापाशी काहीशेवर येतो, ॲप थोडंफार चुकत असलं तरी फरक केवढा ते कळतंच. आपल्याला दोन्हीकडे पेपर वाचता येतो पण झाडाचं तसं नसतं.

आता डबल डिलाइटचं सांगते कारण ते बघण्यासारखं आहे. ही जात अमेरिकेतली, १९७७ ची, फूल क्रीम रंगाचं आणि कडेला लाल, वासही मस्त. तो लाल रंग उन्हानेच चढतो. दोन्ही कलमं एकाच वेळी घेतलेली, माती सारखीच, शेणखत आणि निंबोळी पेंडही सारखीच. एक कुंडी कठड्याला लावून ठेवली आणि दुसरी मुद्दाम आत, काचेच्या सरकत्या दाराजवळच्या कोपऱ्यात जिथे कडेची भिंत आड येते. कठड्याजवळच्या झाडावर कळी उघडताना पाकळीच्या काठाला आधी बारीक गुलाबी रेघ दिसायची, दुसऱ्या दिवशी ती लाल होऊन आत पसरायची आणि फूल जुनं होईपर्यंत मधला थोडासा भाग सोडला तर सगळं लालभडक. आतल्या झाडाला डिसेंबरमधे एक फूल आलं ते जवळजवळ पांढरंच, काठाला नावापुरता गुलाबी. फांद्या बारीक आणि कठड्याकडे झुकलेल्या, पानापानांत अंतर जास्त, आणि बऱ्याच फांद्यांच्या टोकाला कळीच धरली नाही, नुसती पानं. अशा वेळी लोक केळीची सालं, डीएपी खत, चहाचा चोथा सगळं ओततात. पण झाड आपलं अन्न पानात उन्हावर बनवतं, खत म्हणजे त्यातला मसाला, चूलच पेटली नाही तर मसाला टाकून काय होणार.

थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, डिसेंबरमधे पुण्यात भर दुपारीसुद्धा तो साधारण ४८ अंशांवरच, त्यामुळे स्लॅबखालून ऊन थेट आत येतं. आमच्याकडे सकाळी साडेआठपासून समोरच्या बिल्डिंगची सावली येईपर्यंत म्हणजे तीन-साडेतीनपर्यंत मिळायचं. ग्लॅडिएटरची फुलं तळहाताएवढी, झाडावर पाच-सहा दिवस टिकणारी, देवाला तोडायचं जिवावर यायचं.

मार्चनंतर मात्र बघता बघता ऊन मागे सरकलं, एप्रिलमधे कठड्यालगत एक पट्टी उरली. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो ना, सूर्य बरोब्बर डोक्यावर, त्यानंतर जुलै संपेपर्यंत तो दिवसभर उत्तरेच्याच बाजूला राहतो, म्हणजे दक्षिणेच्या गॅलरीत थेट ऊन अजिबात नाही. बाहेर रणरणतंय आणि गुलाब सावलीत! "दक्षिण दिशा म्हणजे वर्षभर ऊन" असं जे सर्रास वाचायला मिळतं ते आपल्यापेक्षा बरंच उत्तरेला असलेल्या ठिकाणांसाठी खरं आहे, महाराष्ट्रासाठी नाही.

म्हणून एप्रिलपासून कुंड्या बेडरूमच्या पूर्वेकडच्या ग्रिलमधे नेल्या. सकाळी साडेसहा ते अकरा-सव्वाअकरा कोवळं ऊन, मग सावली. उन्हाळ्यात यापेक्षा चांगलं काही नाही असं माझं ठाम मत झालंय. दुपारचं ऊन वाया गेलं असं वाटेल पण चाळीस डिग्रीत काळी प्लास्टिकची कुंडी हात लावू देत नाही, आत मुळांचं काय होत असेल विचार करा, शिवाय पानं करपतात आणि खालून लाल कोळी नावाची बारीक कीड चढते. उन्हाळ्यात फुलं लहानच येतात आणि दीड-दोन दिवसांत उमलून गळतात, ते उन्हाच्या तापामुळे, त्याला इलाज नाही. हलवताना एकच सांभाळा, सावलीतलं झाड एकदम उन्हात नेऊ नका, आठवडाभर रोज थोडं थोडं सरकवा.

पावसाळ्यात सकाळच्या उन्हाचा दुसरा फायदा समजला. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला पान सलग सातेक तास ओलं लागतं तेव्हा ती धरते. पूर्वेकडे ढग फाकले की पानं लवकर सुकतात. आमच्या सोसायटीच्या टेरेसवरचे गुलाब जुलैत पार झडले, माझ्या ग्लॅडिएटरची खालची पानं गेली पण वरचं झाड शाबूत आहे. फुलं म्हणाल तर ढगाळ दिवसांत अगदी तुरळक.

गुलाब घ्यायचा असेल तर आधी एका रविवारी दर तासाला त्याच जागेचा फोटो काढा आणि ऊन मोजा, आणि हे डिसेंबरमधे एकदा, मेमधे एकदा करा. उत्तरेची गॅलरी असेल तर कलमी गुलाबाच्या मागे लागू नका, जीव रडत राहतो झाडाचा. पश्चिमेची असेल तर मातीची कुंडी घ्या आणि मार्च ते मे हिरवी नेट लावा.

आता ऑगस्टपासून सूर्य पुन्हा दक्षिणेकडे यायला लागलाय. सप्टेंबरअखेर चारही कुंड्या गॅलरीत येतील, आतल्या कोपऱ्यातलं ते डबल डिलाइटसुद्धा यंदा कठड्याला. ऑक्टोबरमधे छाटणी करणार, म्हणजे दीडेक महिन्यात, डिसेंबरच्या तोंडावर फुलं.