चहासोबत मराठी शब्दकोडं की इंग्रजी क्रिप्टिक?

रोज अर्धा तास कोड्याला द्यायचं ठरवलंय, पण मराठी पेपरातलं शब्दकोडं घ्यावं की इंग्रजी क्रिप्टिक, म्हणजे चकवणाऱ्या क्लूंचं शब्दकोडं, हे ठरत नाहीये? दोन्हींत काळ्या-पांढऱ्या चौकटी असतात. साम्य जवळपास तिथंच संपतं.

मराठी कोडं अर्थ विचारतं. 'कमळ, तीन अक्षरी' म्हटलं की पंकज, नीरज, सरोज, अंबुज सगळेच रांगेत उभे. उभ्या शब्दाकडून एखादं अक्षर मिळेपर्यंत थांबायचं, आणि त्यानं नेमका शेवटचा 'ज' दिला तर बसा!

शब्दांची मोडतोड इथं फारशी नसते, कारण घरात अक्षर मात्रेसकट बसतं. 'शाकाहार'च्या पोटात 'हार' सापडतो. 'शाकाहारात' म्हणालात की 'र'चा 'रा' होऊन हार तुटला. विभक्ती लागली की कोटी कोसळते. उलटापालट तेवढी जमते: 'नव' उलटं वाचलं की 'वन'.

क्रिप्टिकचा सगळा जीव याच मोडतोडीत. क्लूच्या एका टोकाला सरळ अर्थ, उरलेल्या भागात शब्द जुळवायची कृती, आणि वरवर दिसणारं वाक्य निव्वळ चकवा. 'लिसन'ची सहा अक्षरं विस्कटली की 'सायलेंट' होतं. देवनागरीत हे दिसतच नाही, स्पेलिंग डोळ्यांपुढं आणावं लागतं. पहिले काही आठवडे चारपाच शब्दांपुढं गाडी जात नाही. पण उत्तर सापडलं की अर्थ आणि कृती दोन्हींकडून पटतं, पंकज की नीरज असा घोळ उरत नाही.

क्रिप्टिकच घ्यायचं तर १९३० पासून चालू असलेल्या लंडनच्या 'टाइम्स'च्या मोठ्या कोड्यानं सुरुवात करू नका, हौस फिटेल. 'गार्डियन'चं नवशिक्यांसाठीचं 'क्विप्टिक' वेबसाइटवर फुकट आहे, आणि अडलात तर अक्षर तपासायचं बटणही. ते जमू लागलं की 'द हिंदू'कडे या; तिथं १९७१ पासून क्रिप्टिक छापतात आणि आपल्याकडचे संदर्भही भेटतात.

घरच्यांसोबत सोडवायचं असेल तर मात्र मराठीच. आमच्याकडे आई फोडणी देता देता आतून 'सरोज लिही' म्हणून ओरडते. क्रिप्टिक घेऊन बसलो की तीच विचारते, "अजून पेपर वाचून झाला नाही का रे?"