मलप्रभेचा पाठ कशात करायचा? पॉवरपॉइंट, इम्प्रेस, कॅनव्हा की लुमी

निपाणीकडच्या एका बाईंचा परवा फोन आला. "सर, मुलांनी स्वतः क्लिक करून बघायचं असं प्रेझेंटेशन करायचंय. पॉवरपॉइंट धरू की कॅनव्हा?" मी उलट विचारलं, "दाखवायचं कुठल्या खोलीत? तिथं नेट आहे का? आणि माऊस कुणाच्या हातात, तुमच्या की पोरांच्या?" पलीकडं जरा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "ते बघायला पायजे."

ते बघितल्याशिवाय कुठलंही सॉफ्टवेअर चांगलं किंवा वाईट म्हणता येत नाही. मी खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात मराठी शाळेत शिकवतो. इकडं जून ते सप्टेंबर पाऊस म्हणजे पाऊस. करंट जातो, नेटवर्क जातं, प्रोजेक्टर तेवढा राहतो. त्यामुळं खालची मतं पावसाळी आहेत असं धरून चाला. बेळगाव शहरात फायबर असलेल्या शाळेत बसून वाचत असाल तर तुमचा निकाल वेगळा लागेल, लागावाच.

तुलना करायची तर पाठ एकच हवा. मी मलप्रभा नदी घेतली. कणकुंबीला उगम, मग हब्बनहट्टी, असोगा आणि खानापूर, पुढं सौंदत्तीजवळ नविलुतीर्थचं धरण, म्हणजे रेणुकासागर, नंतर पट्टदकल, ऐहोळे आणि शेवटी कूडलसंगमला कृष्णेत. सगळी मिळून ३०४ किलोमीटर. यातली पाच ठिकाणं निवडली आणि जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर चौकोन काढले. मधोमध नकाशा, त्यातून पाच बाण बाहेर, प्रत्येक चौकोनातून एक बाण परत नकाशाकडं. एका चौकोनात एक फोटो, अर्ध्या मिनिटाचा आवाज आणि एक प्रश्न. चौथी गोष्ट घालायची नाही. नावं मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडं, कारण पोरं वर्गात मराठी वाचतात आणि बसवरची पाटी कन्नड. हा कागद होईपर्यंत कॉम्प्युटर उघडला नाही, आणि त्यामुळंच पुढं तोच पाठ चार ठिकाणी करणं जमलं.

पॉवरपॉइंट

हे पहिल्यांदा बाजारात आलं १९८७ साली, तेही मॅकिंटॉशसाठी. त्याच वर्षी आपल्या मलप्रभेकाठचं पट्टदकल युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण वर्गात सांगितलं की पोरांना दोन्ही लक्षात राहतात.

नकाशावर क्लिक करायची जागा अशी करतात: गावावर एक आकार काढायचा, त्याला इन्सर्टमधून लिंक द्यायची, 'प्लेस इन धिस डॉक्युमेंट' निवडून हवी ती स्लाइड दाखवायची. मग आकार दिसेनासा करायचा. इथं बरेच जण चुकतात. 'नो फिल' केलं तर आतला भाग क्लिक घेईलच असं नाही. रंग ठेवायचा आणि ट्रान्सपरन्सी १०० टक्के करायची. आवाजासाठी ॲनिमेशनमधला ट्रिगर आहे. नदीच्या चित्रावर क्लिक केलं तरच खळखळ ऐकू येते, एरवी नाही. एवढं बारीक काम बाकीच्या तिघांत इतक्या सरळ होत नाही.

पहिल्यांदा सहावीच्या वर्गात लावलं तेव्हा एका पोरानं कणकुंबीवर नेम धरला आणि माऊस शेजारच्या गोव्यात पडला. स्लाइड पुढं सरकली ती थेट उत्तरावर. "सर, मी काय केलो नाही!" खरंच त्यानं काही केलं नव्हतं, चूक माझी. पॉवरपॉइंटमध्ये कुठंही क्लिक केलं की पुढची स्लाइड येते, ही मूळची सवय आहे. ती मोडायला 'सेट अप स्लाइड शो' मध्ये जाऊन कियॉस्क मोड निवडायचा. मग फक्त तुम्ही दिलेल्या लिंका चालतात. बाहेरचे क्लिक आणि कीबोर्डचे बाणसुद्धा बंद, बाहेर पडायला एस्केप. मात्र एकाही स्लाइडवर परतीचं बटण विसरलात तर पोरगं तिथंच अडकून बसतं. कागदावरचे परतीचे बाण मोजून घ्या म्हणतो ते यासाठी.

दुसरी खोड व्हिडिओची. हब्बनहट्टीचा मारुती पावसाळ्यात पाण्याखाली जातो, त्याचं मोबाइलवरचं चित्रीकरण मी घातलं होतं. घरच्या लॅपटॉपवर उत्तम. पेनड्राइव्हवरून शाळेत उघडलं तर काळा चौकोन. घालताना मी 'लिंक टू फाइल' निवडलं होतं, म्हणजे व्हिडिओ घरीच राहिला. २०१० पासूनच्या आवृत्त्यांत साधं 'इन्सर्ट' केलं की व्हिडिओ फाइलमध्येच बसतो. फाइल फुगते, पण 'कॉम्प्रेस मीडिया' आहे.

दोष एकच मोठा, पैसे लागतात. शाळेच्या कॉम्प्युटरवर रीतसर आवृत्ती आधीच असेल तर पुढं शोधत बसू नका.

इम्प्रेस

लिबरऑफिस या ऑफिसच्या कामांच्या सॉफ्टवेअर-संचातलं. फुकट, नेट नको, जुन्या मशीनवर चालतं. आकारावर उजवी क्लिक करून 'इंटरॅक्शन' मध्ये गेलात की स्लाइडवर उडी मारायची सोय आहे. नकाशा, पाच गावं, परतीची बटणं हे सगळं यात झालं. ॲनिमेशनमध्ये सफाई कमी आणि पडद्यावर जरा सरकारी दिसतं, मला त्याचं फारसं वाटत नाही. पॉवरपॉइंटची फाइल यात उघडाल तर लिंका बहुधा टिकतात, नाजूक ॲनिमेशनं घसरतात. म्हणून ज्यात दाखवायचं त्यातच करायचं. घरी पॉवरपॉइंट आणि शाळेत इम्प्रेस हा संसार टिकत नाही.

कॅनव्हा आणि गूगल स्लाइड्स

तरुण शिक्षकांचा ओढा कॅनव्हाकडं आहे आणि का ते कळतं. मोबाइलवर बसून दहा मिनिटांत जे उभं राहतं ते मला पॉवरपॉइंटमध्ये दोन संध्याकाळी जमत नाही. पात्र शाळा-शिक्षकांना शिक्षणासाठीची आवृत्ती फुकट मिळते. पण कॅनव्हाचा खरा जीव नेटवर आहे. पॉवरपॉइंट फाइल म्हणून उतरवलं की फॉन्ट बदलतात, हालचाली जातात आणि नकाशावर हलकेच ठेवलेली नावं नदी सोडून शेतात जाऊन बसतात. स्नेहसंमेलन, पालकसभा, शहरातला हॉल, वक्ता एकच आणि माऊस त्याच्याच हाती, अशा ठिकाणी कॅनव्हा घ्या, शोभून दिसेल.

गूगल स्लाइड्सची ताकद वेगळी. चार शाळांतले चार शिक्षक एकाच फाइलवर एकाच वेळी काम करू शकतात. आमच्या केंद्रातल्या दोघांनी एका रात्रीत कन्नड नावं तपासून दिली ती यातच. ट्रिगर नाहीत, स्लाइडवर उडी मारायची लिंक आहे. आवाज ड्राइव्हमधून घालावा लागतो, आणि त्या आवाजाच्या फाइलला शेअरिंगची परवानगी द्यायची राहिली तर तुम्हाला ऐकू येतं, बाकीच्यांना नाही. यूट्यूबचा व्हिडिओ घातलात तर नेट गेलं की तोही गेला. मी यात कच्चं काम करतो आणि पक्कं दुसरीकडं नेतो.

प्रेझीबद्दलही विचारतात. २००९ पासून आहे, झूम होत होत फिरतं, मागच्या बाकावरच्यांना गरगरतं. तेवढ्या झूमची हौस पॉवरपॉइंटच्या नव्या आवृत्त्यांत भागते.

लुमी

हे नाव इकडं कमी जणांना माहीत आहे, म्हणून थोडं थांबतो. एचफाइव्हपी नावाची एक मुक्त पद्धत आहे, मूळची नॉर्वेची. लुमी हे तिच्यावर चालणारं फुकट सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरवर उतरवून घेता येतं. त्यात 'कोर्स प्रेझेंटेशन' प्रकार निवडला की स्लाइडवरच प्रश्न बसतात: जोड्या लावा, नाव ओढून नकाशावर ठेवा, रिकाम्या जागा भरा. 'इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ' मध्ये व्हिडिओ मध्येच थांबून प्रश्न विचारतो. काम झालं की सगळं मिळून एकच एचटीएमएल फाइल निघते. ती पेनड्राइव्हवरून कुठल्याही कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये उघडते, नेट लागत नाही.

पॉवरपॉइंटमध्ये बरोबर-चूक दाखवायला मला प्रत्येक प्रश्नामागं दोन जादा स्लाइड कराव्या लागल्या होत्या. इथं मार्कसुद्धा तेच मोजतं. बटणं मात्र इंग्रजीत येतात. प्रत्येक प्रश्नाच्या खाली मजकूर बदलायची जागा असते, तिथं 'चेक' च्या जागी 'तपासा', 'रीट्राय' च्या जागी 'पुन्हा कर' असं आपल्या हातानं टाकायचं. कंटाळवाणं काम आहे. पण पोरं दोघं-दोघं कॉम्प्युटरवर बसणार असतील तर याच्या तोडीचं दुसरं मला सापडलं नाही. वर्गापुढं उभं राहून शिकवायला ते तितकं रंगत नाही, दिसायला कोरडं आहे.

फॉन्टची भानगड

आपल्याकडं निम्मे घोटाळे इथं होतात. डीटीपीवाल्याकडून आलेला जुना मजकूर बहुतेक वेळा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नसतो. तो स्लाइडवर चिकटवला की घरी ठीक दिसेल, दुसरीकडं उघडलं की चिन्हांचा चिवडा. कन्नडचीही तीच गत. मजकूर युनिकोडमध्ये नव्यानं टाइप करा, सुटका नाही. दोन्ही लिप्या एकाच फॉन्टमध्ये हव्या असतील तर विंडोजमधला निर्मला यूआय आहे. पहिली-दुसरीसाठी मात्र मी टिरो देवनागरी मराठी वापरतो, कारण त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. पोरं पाटीवर गिरवतात तोच ल पडद्यावर दिसला पाहिजे. सोबत कन्नडसाठी टिरो कन्नड. दोन्ही फुकट. पॉवरपॉइंटच्या सेव्हच्या ऑप्शन्समध्ये फॉन्ट फाइलमध्येच बसवायची सोय आहे, इम्प्रेसमध्ये ती प्रॉपर्टीजमध्ये सापडते. ती खूण करायला विसरू नका. आणि प्रोजेक्टर जुना, चौकोनी पडद्याचा असेल तर स्लाइडचं माप सुरुवातीलाच ४:३ करून घ्या. नंतर बदललं की नकाशा दबतो आणि क्लिकच्या जागा गावांवरून सरकतात.

बाईंनी दुसऱ्या दिवशी माहिती काढून सांगितली. एक प्रोजेक्टर, दोन कॉम्प्युटर, त्यात पॉवरपॉइंट २०१६, नेट म्हणजे त्यांच्याच मोबाइलचं. मी म्हटलं, वर्गापुढं पॉवरपॉइंट, कियॉस्क मोडमध्ये. सरावाला दोन्ही कॉम्प्युटरवर लुमीची फाइल. कॅनव्हा फक्त नकाशाचं चित्र छान काढून घ्यायला, चित्र म्हणून उतरवायचं आणि पॉवरपॉइंटमध्ये टाकायचं. त्यांचा पाठ वेदगंगेचा आहे. ती दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा कृष्णेला, म्हणजे माझ्यासारखा एका नदीचा एक नकाशा त्यांना पुरणार नाही. संगमावरून मागं जायला दोन वाटा लागतील आणि परतीचं बटणही दोन प्रकारचं. कॉम्प्युटर उघडायच्या आधी कागदावर चौकोन काढून त्याचा फोटो पाठवा म्हटलंय.